हातभर पुढे

१

थोरली दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारायची. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि म्हणायची, "हे स्पष्ट, की हे?" माणसं गोंधळायची. कोणी मघाशी पाठ केलेली अक्षरं म्हणून दाखवायचं. एका आजोबांनी तर "तुम्ही म्हणाल ते" असं सांगून हात झटकले होते. थोरली कोणालाच सोडायची नाही. खरं काय दिसतंय ते बाहेर येईपर्यंत काचा बदलत राहायची. घरीदारी सगळे तिला हट्टी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता तोच प्रश्न तिच्यावर उलटला होता. बाबा गेल्यावर कपाट आवरताना त्यांचा फिल्मचा जुना कॅमेरा निघाला. चामड्याच्या पिशवीत, पुसूनपुसून ठेवलेला. फक्त लेन्स नव्हती. तिच्या जागी धातूचं झाकण होतं. "विकली त्यांनी," आई म्हणाली. कॅमेरा जिवापाड जपायचा आणि लेन्स तेवढी विकून टाकायची, हे कुठलं शहाणपण, ते बाबांनाच ठाऊक.

थोरलीने ठरवलं की याला एक लेन्स घ्यायची. एकच, रोजच्या वापराची. आणि पहिलं काम आईचा फोटो. कारण घरात आईचा धड म्हणावा असा एकही फोटो नव्हता. बाबांनी अख्ख्या गल्लीचे फोटो काढले, दोन्ही मुलींचे तर ढीगभर, पण आईचे तेवढे सगळे अंधुक. "तुमची आई एका जागी स्थिर बसेल तर शपथ," असं ते म्हणायचे. आता आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच खुर्चीत असे आणि दिवसेंदिवस आटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वयापुढे आपलं काही चालत नाही हे थोरलीला मान्य होतं. पण आईचा चेहरा कुठेच न उरता आई जाणार, हे मात्र तिला मुळीच मान्य नव्हतं.

२

जुने कॅमेरे विकणाऱ्या काकांचं दुकान अरुंद होतं आणि त्यात काकांपेक्षा कॅमेऱ्यांना जास्त जागा होती. दाराशी त्यांची सायकल, आत काउंटर, मागे फिल्म धुवायची काळोखी खोली. त्यांनी हिरव्या कापडावर तीन लेन्स मांडल्या.

"ही पस्तीस मिलिमीटरची. मोठ्या मनाची आहे. खोलीभर सगळं घेते, सगळंच स्पष्ट दाखवते, कोणाला दुखवत नाही. ही पन्नासची, मंद. शहाणी आहे, पण उजेड लागतो. आणि हीसुद्धा पन्नासचीच, पण उजळ. इवल्याशा उजेडात काम भागवते. मात्र लाडावलेली आहे हं. जिथे धरशील तेवढंच स्पष्ट. पापणी धरलीस तर कान गेला."

"यातली चांगली कुठली?"

"हे बघ पोरी, लोक इथे तासन्तास भांडतात आणि जोडीने चहा पिऊन निघून जातात. तू तिन्ही घेऊन जा. एकेक रोल काढ. सोबत राहून बघितल्याशिवाय स्वभाव कळत नाही."

मग त्यांनी तिला कॅमेऱ्याची रीत समजावली. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. बघायची खिडकी वेगळी, चित्र घेणारं भिंग वेगळं. खिडकीच्या मधोमध एक छोटी पिवळसर चौकट असते, आणि तिच्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक खरा आणि एक त्याच्या बाजूला सरकलेला, फिका. लेन्सचं कडं फिरवत दोघांचा एक केला की अंतर जुळलं. मग बटण दाबायचं.

थोरलीला हे फार आवडलं. तिचं तरी दुसरं काम काय होतं.

३

आईची खुर्ची खिडकीशी होती. समोर पाय टेकायला वेताचं बुटकं स्टूल, त्यावर चपटी उशी. मांडीवर शाल.

"माझा कशाला काढतेस," आई म्हणाली. "त्या कुंडीचा काढ. तिला तरी नवी पानं आली आहेत."

"कुंडीचाही काढते. आधी तू."

"केस तरी विंचरू दे."

तीन रोल झाले. काकांनी ते धुऊन त्यांच्या छोट्या प्रती काढल्या आणि तिच्यासमोर ओळीने ठेवल्या. पस्तीसच्या रोलमध्ये आई, खुर्ची, कुंडी, पडदा, सगळं ठीकठाक होतं. मंद पन्नासच्या रोलमध्येही तक्रारीला जागा नव्हती. उजळ पन्नासच्या रोलमध्ये मात्र आई अंधुक होती, प्रत्येक फोटोत. हललेली नाही, नुसती अंधुक. आणि तिच्या हातभर पुढे असलेल्या स्टुलाच्या वेताचा पीळन् पीळ मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता.

"पुढचं धरतेय," काका म्हणाले. "भिंगाचं कडं आणि खिडकी यांचं जमत नाहीये. नवरा-बायकोसारखं आहे, कधीकधी होतं." त्यांनी लेन्स ठेवून घेतली आणि भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून तिची परीक्षा घेतली. दोन दिवसांनी थोरली गेली, तर ते डोकं खाजवत बसले होते. पानावरचं बारीकातलं बारीक अक्षर सुईने टोचल्यासारखं उठलं होतं.

"लेन्स निर्दोष आहे. मग तुझाच हात हलला असणार."

थोरलीच्या हाताबद्दल आजवर कोणी असं बोललं नव्हतं. तिचे कान तापले.

४

बाकीच्या दोन लेन्सनी आई आणली होती, पण आता थोरलीला ती याच लेन्समधून स्पष्ट हवी होती. या खेपेला तिने कसर सोडली नाही. कॅमेरा हलू नये म्हणून तीन पायांचं तिकाटणं आणलं. कॅमेऱ्यापासून आईच्या डोळ्यापर्यंत शिवणाची टेप लावली, कड्यावरचा आकडा जुळवला, वर कॅमेऱ्याच्या खिडकीतूनही दोन आयांची एक आई केली. अधूनमधून कुंडीचा, शेजाऱ्यांच्या मांजराचा आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मोलकरणीचाही एकेक फोटो घेतला.

कुंडीचं पान शिरांसकट आलं. मांजराच्या मिश्या आल्या. मोलकरणीच्या कानातली कुडी आली. आई अंधुक.

थोरलीने दुकानातलं मोठं भिंग घरी आणलं आणि दुपारभर प्रतींवर वाकून बसली. आई बटण दाबताना मागे रेलत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मागे रेलून माणूस किती रेलेल, खुर्चीला पाठ होती. मग तिला स्टुलावरची उशी दिसली. उशी मधोमध खाली दबलेली होती. तिचा अभ्रा घडी पडून ताणला होता आणि कडा वर आल्या होत्या. उजळ लेन्सच्या सगळ्या फोटोत, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तिने मान वर केली. समोर उशी होती तशी चपटी होती. आईने दोन्ही पाय खुर्चीच्या खाली ओढून घेतले होते.

"आई, पाय वर का नाही ठेवत? सूज येईल ना."

"कुठे ठेवू," आई शांतपणे म्हणाली. "बसलंय ना तिथे."

"काय बसलंय?"

आईने तिच्याकडे बघितलं, हिला एवढंही कसं कळत नाही अशा नजरेने, आणि शाल नीट करत राहिली. अलीकडे ती कधीकधी दूध उतू गेलंय म्हणायची आणि चुलीवर काही नसायचं. थोरलीने ही गोष्ट त्याच खात्यात टाकली. टाकली खरी, पण ती तिथे राहीना.

५

धाकटी बहीण परगावी असायची. तिने फोनवर सांगितलं की बाबांनी काढलेले आईचे फोटो माळ्यावर, स्वेटरच्या खोक्यात आहेत. "पण त्यात बघण्यासारखं काय आहे? सगळे फसलेले. बाबांना आई जमलीच नाही."

थोरलीने ते फोटो जमिनीवर पसरले आणि भिंग घेऊन बसली. फसलेल्या फोटोत माणूस जे बघायला जातो ते न बघता तिने दुसरंच शोधलं. आई कुठे आहे ते नाही, स्पष्ट काय आहे ते.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा फोटो. आई दूर पायरीवर उभी, अंधुक. बाबांच्या जवळच्या फाटकाची कडी स्पष्ट.

थोरलीच्या जन्मानंतरचा. आई ओसरीत, अंधुक. अंगणातली बादली स्पष्ट.

धाकटी रांगतेय, आई हसतेय असं वाटतं. दाराचा उंबरठा स्पष्ट.

मग जेवायचं टेबल. मग टेबलाची आईकडची कड. मग शेजारच्या खुर्चीची पाठ. इथे फोटो संपत होते. थोरली तेव्हा शाळेत होती.

दोष लेन्सचा असता तर तो सगळीकडे एकसारखा असता, हे तिला कळत होतं. दोष असा घरात शिरत नाही, उंबरठा ओलांडत नाही. तिने पस्तीसच्या रोलची प्रत पुन्हा भिंगाखाली धरली. तिच्यात सगळंच स्पष्ट होतं म्हणून ती समाधानी होती. नीट बघितल्यावर तिथेही, आणि मंद पन्नासच्या प्रतीतही, उशी दबलेली होती. तिन्ही लेन्सना एकच दिसत होतं. लाडावलेली तेवढी बोलून दाखवत होती.

"आई, बाबांनी लेन्स का विकली?"

आई शालीची कड बोटाला गुंडाळत राहिली. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता, तेवढाच आवाज.

"त्यांनाही दिसलं होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणाले, बघितलं नाही की नसतं. चांगला होता गं तुझा बाप. पण भित्रा."

"आणि तुला?"

"मला काय, सवय झाली. लांब होतं तोवर काही वाटत नव्हतं."

थोरलीला भीती वाटली, हे खरं. पण भीतीहून मोठा राग आला. इतकी वर्षं या घरात तीन माणसं जेवली, भांडली, हसली, आणि आई एकटी त्याच्यासमोर बसून होती. बाबांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि मोकळे झाले.

तिने तडक स्टूल उचललं आणि मागच्या गच्चीत नेऊन टाकलं. परत येऊन बटण दाबलं. पुढच्या प्रतीत स्टूल नव्हतं आणि जमीनही अंधुक होती. आता आईचे गुडघे स्पष्ट होते. शालीचा धागान् धागा दिसत होता, आणि दोन्ही गुडघ्यांवर शाल दोन ठिकाणी खोल दबली होती, कोणी समोरून तळहात टेकावेत तशी.

६

गुडघ्यांनंतर काय, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. आईने दोन दिवसांत जेवण जवळजवळ सोडलं होतं. बोलताना ती मान थोडी मागे घेऊन बोलायची.

भर दुपारी थोरलीने गच्चीतलं स्टूल परत आणलं. तिकाटणं बाजूला ठेवलं. या कॅमेऱ्याला हातभरापेक्षा जवळचं जुळवता येत नाही, कड्याची फिरकी तिथे संपते. थोरलीने नेमकं तेवढंच अंतर धरायचं ठरवलं. स्टूल आईच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि स्वतः त्यावर बसली.

उशी उबदार होती. त्या खिडकीतून ऊन आत येत नसे, हे तिला माहीत होतं. ती उठली नाही.

तिचे गुडघे आईच्या गुडघ्यांना टेकले. "आता मावून दाखव," ती मोठ्याने म्हणाली. आईला त्याही स्थितीत हसू आलं.

तिने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. पिवळसर चौकटीत दोन आया होत्या, एक खरी, एक सरकलेली. तिने कडं फिरवायला सुरुवात केली. फिकी आई हळूहळू खऱ्या आईकडे येऊ लागली. आणि दोघींच्या मध्ये काहीतरी होतं जे दोनदा दिसत नव्हतं.

मानेचा मागचा भाग होता तो. बारीक केस, मानेची वळी, एक कान. आईकडे तोंड करून, पाठ थोरलीकडे. कडं कसंही फिरवलं तरी तो एकच होता, आणि स्पष्ट.

तिने डोळा काढला. समोर फक्त आई. खिडकीच्या काचेत आपलाच कान उमटला असेल, तिने स्वतःला समजावलं. पण तिने केस कानावरून सोडलेले होते, आणि हा कान उघडा होता. तिने पुन्हा डोळा लावला. नळ टपकायचा थांबला होता.

कान किंचित सरकला. मग आणखी. कानाच्या जागी गालाची कड आली.

"बाळ," आई अगदी हळू म्हणाली, "तुझ्याकडे वळतंय ते."

इथे कधीतरी बाबांनी कॅमेरा खाली ठेवला असणार. थोरलीचाही कॅमेरा खाली येऊ लागला. काकांनी नाव ठेवलेल्या हातांनी त्यांनाच खरं ठरवावं, याचा तिला संताप आला. तिने कोपरं बरगड्यांना दाबली.

"वळ की," ती म्हणाली. "तिला पुष्कळ बघून झालं. मी इथे आहे. इकडे बघ."

चौकट क्षणभर काळी झाली, अगदी जवळून कोणी आत डोकावावं तशी. तिने डोळा मिटला नाही. तिच्या गालाला तिचा स्वतःचा नसलेला श्वास लागला. मग चौकट उजळली, आणि तिच्यात फक्त दोन आया होत्या. कडं शेवटच्या टोकाला जाऊन थांबलं आणि दोघींची एक झाली.

तिने बटण दाबलं.

नळ पुन्हा टपकू लागला. आईने मोठा श्वास सोडला. "ऊठ आता," ती म्हणाली, "मला पाय ठेवू दे."

७

रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. "वाया कशाला घालवायचा," काका म्हणाले. "जा, समोरच्या भिंतीपाशी उभी राहा. तुझाही एक असू दे." थोरली रस्ता ओलांडून गेली, त्यांनी दुकानाच्या दारातून तिला टिपलं आणि रोल घेऊन काळोख्या खोलीत गेले.

बाहेर आले ते दोन प्रती घेऊन. पहिली त्यांनी तिच्यापुढे ठेवली. आई होती. पापण्यांचे केस, गालावरची लव, ओठाशी राहिलेलं हसू, डोळ्यांत खिडकीचा चौकोन. थोरली ते बघत बसली आणि मग तिथेच, काउंटरवर कोपरं टेकून, मनसोक्त रडली. काकांनी चहा पुढे सरकवला. आई सकाळी दोन वाट्या भात जेवली होती, पाय वर टाकून.

"ही दुसरी मात्र माझी फसली," काका ओशाळून म्हणाले. "माझाच हात म्हातारा झाला बघ."

समोरच्या भिंतीपाशी थोरली अंधुक होती. दुकानाच्या दाराशी टेकवलेली काकांची सायकल स्पष्ट होती, घंटीवरचा गंजसुद्धा. थोरलीने पिशवीतलं भिंग काढलं. सायकलची सीट जुनी, मऊ चामड्याची होती. ती मधोमध खाली दबली होती.

तिने भिंग ठेवलं आणि दारातून बाहेर बघितलं. सायकल, मग रस्ता, मग पलीकडची भिंत. चांगलं अंतर होतं. फाटकाच्या कडीपासून आईपर्यंत होतं तेवढं तर नक्कीच.

"तू पस्तीसची घे," काका म्हणत होते. "सगळं स्पष्ट दिसतं. डोक्याला ताप नाही."

"म्हणूनच नको. ही उजळ द्या."

"अगं, पण हिच्यात तू अशी आलीस..."

"मी अंधुक आले तरी चालेल, काका. पुढचं काय ते दिसलं पाहिजे." तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली, ती खट् आवाज करून बसली. बाबांचं धातूचं झाकण तिने काउंटरखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "आणि दर वर्षी एकदा येईन. त्याच भिंतीपाशी उभी राहीन. तुम्ही इथूनच काढायचा."

काकांना काही उमजलं नाही, पण गिऱ्हाईक बांधलं गेलं म्हणून ते खूश झाले.

निघताना ती सायकलला वळसा घालून गेली नाही. अगदी तिला घासून गेली. पलीकडे पोचल्यावर वळली, डोळ्याला कॅमेरा लावला आणि सायकलच्या सीटकडे रोखला.

"ये," ती म्हणाली. "सावकाश ये. मी बघतेय."